वाक्य काय म्हणतं, वाक्य काय करतं

उतारा वाचला, खालचे पाच प्रश्न सोडवले, पाचही उत्तरं बरोबर आली. तरी उतारा कळलाच असेल असं सांगता येत नाही. ‘लढाई कधी झाली?’ असा प्रश्न असेल तर उताऱ्यात तारीख कुठे आहे एवढं हुडकलं की भागतं. ‘लेखकाला ती लढाई इथेच का आठवली?’ असं विचारलं की मात्र पेन थबकतं. कारण याचं उत्तर उताऱ्यातल्या कुठल्याही एका ओळीत लिहिलेलं नसतं.

भाषण असो की माहिती देणारा लेख, त्यातल्या प्रत्येक महत्त्वाच्या वाक्याला दोन प्रश्न विचारता येतात. हे वाक्य काय म्हणतंय? आणि हे वाक्य इथे कुठलं काम करतंय? पहिल्याचं उत्तर शब्दार्थात मिळतं. दुसऱ्याचं उत्तर आजूबाजूच्या वाक्यांत, बोलण्याच्या प्रसंगात आणि कधी कधी जे लिहिलेलंच नाही त्यात सापडतं. पहिल्या प्रश्नाचा सराव आपल्याला लहानपणापासून भरपूर असतो. दुसऱ्याची सवय फार कमी जणांना लावली जाते, आणि मला वाटतं आकलनाची खरी मेख तिथेच आहे. एखाद्या प्रसिद्ध भाषणापासून सुरुवात केली तर हे लवकर लक्षात येईल.

१९ नोव्हेंबर १८६३. अमेरिकेत उत्तर आणि दक्षिणेकडच्या राज्यांत गुलामगिरीवरून यादवी युद्ध चालू होतं. जुलैच्या पहिल्या तीन दिवसांत गेटिसबर्गला मोठी लढाई झाली होती आणि तिथे पडलेल्या सैनिकांसाठी केलेल्या दफनभूमीच्या समर्पणाचा हा कार्यक्रम होता. मुख्य वक्ते एडवर्ड एव्हरेट सुमारे दोन तास बोलले. मग राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन उभे राहिले आणि साधारण २७० शब्द बोलून खाली बसले. त्यांची सुरुवात होती ‘चार विसा आणि सात वर्षांपूर्वी’ अशी. त्या काळी आपल्या पूर्वजांनी या खंडावर एक नवं राष्ट्र जन्माला घातलं, स्वातंत्र्यातून जन्मलेलं आणि सर्व माणसं समान आहेत या तत्त्वाला वाहिलेलं, असा पहिल्या वाक्याचा आशय आहे.

शब्दार्थ लावणारा वाचक इथे गणित करतो. चार विसा म्हणजे ऐंशी, अधिक सात, सत्त्याऐंशी. झालं. थोडं पुढे जाणारा वाचक १८६३ मधून ८७ वजा करतो. उत्तर येतं १७७६, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचं वर्ष. आता दुसरा प्रश्न विचारा: राष्ट्राचा जन्म मोजायला हेच वर्ष का घेतलं? अमेरिकेचं संविधान १७८७ मध्ये लिहिलं गेलं. तिथून मोजलं असतं तर आकडा ७६ आला असता. पण त्या संविधानाने गुलामगिरी चालू राहू दिली होती. ‘सर्व माणसं समान’ हे शब्द संविधानात नव्हते, ते १७७६ च्या जाहीरनाम्यात होते. म्हणजे लिंकननी वर्ष मोजता मोजता देशाचा पाया कोणता हे ठरवून टाकलं. वरवर कॅलेंडरचा वाटणारा तो आकडा एक दावा आहे, आणि पुढचं सगळं भाषण त्या दाव्यावर उभं आहे.

याच भाषणात आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. त्यात गुलामगिरी हा शब्द एकदाही येत नाही. गेटिसबर्गचं नाव येत नाही. शत्रुपक्षाचा उल्लेख नाही. कोणावर राग नाही. भाषण वाचून झालं की काय काय आलं याची यादी बहुतेक जण करतात. काय येऊ शकलं असतं आणि आलं नाही, अशी दुसरी यादी केली की वक्त्याचा हेतू जास्त स्वच्छ दिसू लागतो. नावं गाळल्यामुळे ते भाषण एका लढाईपुरतं राहत नाही, आणि ऐकणाऱ्याला पराभूत बाजूचा तिरस्कार करायला जागाही उरत नाही.

आता कोणी म्हणेल, १७७६ आणि १७८७ ही वर्षं ज्याला ठाऊकच नाहीत त्याने काय करायचं? हा आक्षेप अगदी रास्त आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही.

आधीची माहिती

१९७२ साली जॉन ब्रॅन्सफर्ड आणि मार्शा जॉन्सन या मानसशास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना एक परिच्छेद ऐकवला. त्यात वस्तूंचे वेगवेगळे गट करावेत, एका वेळी फार घेऊ नये, चूक महागात पडू शकते, शेवटी सगळं जागच्या जागी ठेवावं, अशी वाक्यं होती. एकही शब्द अवघड नव्हता. तरी लोकांना काही उमजेना आणि नंतर फारसं आठवेना. काही जणांना मात्र परिच्छेद ऐकवण्याआधीच विषय सांगितला होता: कपडे धुणे. त्यांना इतरांच्या जवळपास दुप्पट मुद्दे आठवले. आणि ज्यांना विषय परिच्छेद संपल्यावर सांगितला त्यांना त्याचा काहीच उपयोग झाला नाही.

शेवटची बाब मला फार महत्त्वाची वाटते. संदर्भ आधी लागतो. मागाहून मिळालेला संदर्भ त्या वाचनाला वाचवू शकत नाही. पुन्हा वाचावं लागतं.

१९८८ मधला दुसरा अभ्यास याच्याही पुढे जातो. डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या सामन्याच्या एका डावाचं वर्णन वाचायला दिलं. काही मुलं एरवी वाचनात हुशार पण बेसबॉल न कळणारी, काही वाचनात कच्ची पण बेसबॉलची जाणकार. त्या उताऱ्यापुरती वाचनात कच्ची जाणकार मुलं हुशार अनभिज्ञ मुलांच्या पुढे गेली. म्हणजे ‘याचं आकलन चांगलं आहे’ असं आपण सरसकट म्हणतो तेव्हा ते कशाबद्दलचं आकलन, हे विचारायला हवं.

म्हणून अवघड मजकूर हातात आला की पहिली पाच मिनिटं मजकुराबाहेर घालवायला लाज वाटू देऊ नये. कोण बोलतंय, कोणासमोर, कुठल्या दिवशी, त्याआधी काय घडलं होतं, एवढं पाहून घ्यावं. माहितीपर लेख असेल तर शीर्षक, उपशीर्षकं, तक्ते, चित्रांखालच्या ओळी आधी चाळाव्यात. यात काही गुपित नाही, पण वगळलं की महागात पडतं.

‘आपण’ आणि ‘आम्ही’

भाषण वाचताना मराठी वाचकाकडे एक हत्यार असतं जे इंग्रजी वाचकाकडे नाही. इंग्रजीत ‘वी’ एकच. मराठीत ‘आम्ही’ म्हणजे समोरचा सोडून आणि ‘आपण’ म्हणजे समोरच्याला धरून. त्यामुळे एखादं मराठी भाषण हाती आलं की नुसते सर्वनामांवर गोल करत जा. ‘आम्ही हे काम पूर्ण केलं’ आणि दोन परिच्छेदांनंतर ‘आपल्याला काही काळ झळ सोसावी लागेल’. श्रेय घेताना ऐकणारा बाहेर, झळ सोसताना ऐकणारा आत. वक्त्याने हे जाणूनबुजून केलेलं असेल किंवा नसेलही, पण वाक्य ते काम करतंच.

इंग्रजी भाषण वाचतानाही हीच युक्ती उलट्या बाजूने वापरता येते. प्रत्येक ‘वी’च्या जागी मनात मराठी शब्द बसवून बघायचा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं २५ नोव्हेंबर १९४९ चं संविधान सभेतलं भाषण यासाठी घेऊ. भाषण इंग्रजीत होतं. मसुदा समितीचे अध्यक्ष बोलत होते, आणि दुसऱ्याच दिवशी संविधान स्वीकारलं जाणार होतं. त्यातल्या एका सुप्रसिद्ध भागाचा आशय असा: २६ जानेवारी १९५० रोजी आपण विसंगतींनी भरलेल्या जीवनात प्रवेश करणार आहोत. राजकारणात समता असेल, सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता असेल. राजकारणात एक व्यक्ती एक मत आणि एक मत एक मूल्य हे तत्त्व आपण मानू. समाजात आणि अर्थकारणात मात्र एक व्यक्ती एक मूल्य हे तत्त्व नाकारत राहू. हे विसंगतीचं जीवन आपण किती काळ जगणार? किती काळ समता नाकारणार? फार काळ नाकारत राहिलो तर आपली राजकीय लोकशाही धोक्यात येईल.

इथे ‘आम्ही’ बसवून बघा. जमत नाही. ‘तुम्ही’ बसवलं तर आरोप होतो. ‘आपण’ म्हटल्यावर बोलणारा स्वतःही त्या विसंगतीत उभा राहतो, आणि ज्या समाजरचनेने ज्यांना सर्वांत जास्त नाकारलं त्यांच्यापैकीच एक माणूस ‘आपण’ म्हणतोय हे आठवलं की त्या एका शब्दाचं वजन जाणवतं.

आता क्रियापदांकडे पाहा. प्रवेश करणार आहोत, असेल, नाकारत राहू. मग दोनदा ‘किती काळ?’ आणि शेवटी ‘राहिलो तर’. भविष्यकाळातली विधानं, मग प्रश्न, मग अट. विधान ऐकणाऱ्याला मान डोलावता येते. प्रश्न आला की उत्तराची जबाबदारी त्याच्याकडे सरकते. आणि अट आली की उत्तर टाळण्याची किंमत कळते. तीन प्रकारची वाक्यं एकामागोमाग एक येतात आणि ऐकणाऱ्याला पायरीपायरीने पुढे नेतात. शेवटच्या पायरीवर आवाहन कशाचं आहे तेही बघण्यासारखं आहे. दयेचं नाही. या सभेने इतक्या कष्टाने जे उभारलं तेच विषमतेने भरडलेली माणसं उद्ध्वस्त करतील, असं ते लगेच पुढे सांगतात. म्हणजे सभागृहातल्या प्रत्येकाचं स्वतःचं काहीतरी पणाला लागलेलं आहे.

आनंदाच्या प्रसंगी इशारा का, हाही विचारण्यासारखा प्रश्न आहे. काम पूर्ण झालं असं सगळ्यांना वाटण्याची शक्यता ज्या दिवशी सर्वांत जास्त असते, त्याच दिवशी काम अपुरं आहे हे सांगणं सर्वांत गरजेचं असतं. हे माझं अनुमान आहे. भाषणात हे वाक्य नाही. पण भाषणातली वाक्यं त्याला आधार देतात. अनुमान आणि मत यांतला फरक पुढे येईलच.

अ‍ॅरिस्टॉटलने मन वळवण्याचे तीन मार्ग सांगितले होते: बोलणाऱ्याची विश्वासार्हता, ऐकणाऱ्याच्या भावना आणि युक्तिवाद. पाठ्यपुस्तकांत हे हमखास असतं आणि विद्यार्थी वाक्यांना तीन रंग देऊन मोकळे होतात. रंग द्यायला हरकत नाही. पण वरचं उदाहरण पाहिलं तर ‘आपण’ या एकाच शब्दात तिन्ही गोष्टी चालू आहेत, आणि रंग देऊन काम संपलं असं समजणाऱ्याला ते दिसणार नाही.

रूपक ओळखलं, पुढे काय?

२८ ऑगस्ट १९६३. वॉशिंग्टनमध्ये लिंकन स्मारकासमोर सुमारे अडीच लाख माणसं जमली होती. मार्टिन ल्यूथर किंग यांनी सुरुवात केली ‘पाच विसा वर्षांपूर्वी’ अशी. लिंकनची ती विसांची मोजणी आता तुमच्या ओळखीची आहे, म्हणून हे दोन शब्द वाचताच पूर्ण शंभर वर्षांचं अंतर आणि त्यामागचं देणं दोन्ही दिसतं. १ जानेवारी १८६३ पासून लागू झालेल्या गुलाममुक्तीच्या घोषणेकडे त्यांचा रोख होता.

या भाषणातलं ‘माझं एक स्वप्न आहे’ सगळ्यांना पाठ असतं. तो भाग त्यांच्या हातातल्या लिखित मसुद्यात नव्हता; बोलता बोलता तो आला. भाषणाचा युक्तिवाद मात्र त्याच्या बराच आधी, चेकच्या रूपकात आहे. देशाच्या संस्थापकांनी प्रत्येक नागरिकाला हक्कांची वचनचिठ्ठी लिहून दिली. कृष्णवर्णीयांच्या बाबतीत मात्र अमेरिकेने वटणारच नाही असा चेक दिला; खात्यात पुरेशी रक्कम नाही असा शेरा मारून तो परत आला. न्यायाची बँक दिवाळखोर झाली आहे हे मानायला आम्ही तयार नाही, म्हणून तो चेक वटवायला आलो आहोत.

इथे रूपक आहे हे ओळखलं की एक गुण मिळतो. पण हे रूपक काय करतं? चेक घेऊन आलेला माणूस याचना करत नाही. तो स्वतःचे पैसे मागतो. बँकेने ते दिले तर उपकार होत नाहीत, दिले नाहीत तर बँकेची पत जाते. आता याच जागी बंद दाराचं रूपक कल्पून पाहा: आम्ही दार ठोठावतोय, आत घ्या. मागणी तीच, पण नातं बदललं. घर त्यांचं, आम्ही बाहेरचे. एक रूपक काढून दुसरं बसवून बघणं हा मला माहीत असलेला सर्वांत फलदायी सराव आहे, कारण शब्द बदलल्यावर काय हरवलं हे कळलं की मूळ शब्द काय करत होता ते आपोआप कळतं.

भाषणात तेच तेच शब्द पुन्हा येतात याबद्दलही वाचक चुकीचा निष्कर्ष काढतात. छापील पानावर पुनरुक्ती कंटाळवाणी वाटते. पण ऐकणाऱ्याला पान मागे उलटता येत नाही. ठरावीक शब्द परत आले की त्याला कळतं, आपण अजून त्याच मुद्द्यावर आहोत, आता आणखी एक भर पडतेय. म्हणून भाषण मोठ्याने वाचावं. जिथे श्वास घ्यावासा वाटतो, जिथे आवाज चढतो, तिथे सहसा काहीतरी महत्त्वाचं घडत असतं.

हातात आलेला मजकूर खरा कोणाचा?

अमेरिकेत १८५१ च्या मे महिन्यात ओहायोमधल्या अ‍ॅक्रनला स्त्रियांच्या हक्कांच्या परिषदेत सोजर्नर ट्रूथ बोलल्या. गुलामगिरीतून बाहेर पडलेल्या या बाईंचं ‘मी बाई नाही का?’ हे पालुपद जगभर उद्धृत होतं. पण पुढच्याच महिन्यात, २१ जून १८५१ रोजी, मारियस रॉबिन्सन यांनी एका वृत्तपत्रात भाषणाचा जो वृत्तांत छापला त्यात हा प्रश्नच नाही. तो येतो १८६३ मध्ये, परिषदेच्या अध्यक्ष फ्रान्सेस गेज यांनी बारा वर्षांनी लिहिलेल्या आवृत्तीत. त्या आवृत्तीतली भाषा दक्षिणेकडच्या गुलामांच्या बोलीसारखी आहे. ट्रूथ तर न्यूयॉर्क राज्यात वाढल्या होत्या आणि त्यांची पहिली भाषा डच होती. गेज यांच्या मजकुरात ट्रूथ आपल्याला तेरा मुलं झाल्याचं सांगतात. प्रत्यक्षात त्यांना पाच मुलं होती.

यावरून ते भाषण खोटं होतं असं ठरत नाही. स्त्री आणि पुरुष यांच्या ताकदीची तुलना, कष्टाचा हिशेब, हे दोन्ही आवृत्त्यांत आहे. पण पालुपदावर निबंध लिहिताना आपण ट्रूथ यांच्या शब्दांचं विश्लेषण करतोय की गेज यांच्या, हे माहीत असायला हवं. मजकूर कोणी नोंदवला, कधी, प्रसंगानंतर किती काळाने, अनुवाद असेल तर कुठल्या भाषेतून, हे प्रश्न वरच्या वर्गासाठी राखून ठेवण्याचं कारण नाही. दहा वर्षांच्या मुलालाही ते कळतात.

माहितीपर मजकूर: वाक्यं जोडणाऱ्या एका शब्दाची करामत

भाषणात कोणीतरी आपलं मन वळवतंय हे आपल्याला ठाऊक असतं, म्हणून आपण थोडे सावध असतो. माहितीपर लेखात ती सावधगिरी गळून पडते. हा छोटा परिच्छेद पाहा. मी तो मुद्दाम सरावासाठी लिहिला आहे, त्यातली माहिती खरी आहे.

‘१७४७ साली जेम्स लिंड या ब्रिटिश जहाजावरच्या शल्यवैद्याने स्कर्व्ही झालेल्या १२ खलाशांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. संत्री आणि लिंबं मिळालेली जोडी झपाट्याने सुधारली. १७५३ मध्ये त्याने आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. तरीही ब्रिटिश नौदलात लिंबाचा रस देण्याचा आदेश निघायला १७९५ साल उजाडलं.’

मध्यवर्ती कल्पना काय? बहुतेक जण लिहितात, ‘लिंडने स्कर्व्हीवर उपाय शोधला.’ ते पहिल्या तीन वाक्यांचं सार झालं. परिच्छेदाची दिशा ठरवणारा शब्द चौथ्या वाक्याच्या तोंडाशी बसलाय: ‘तरीही’. तीन वाक्यांनी अपेक्षा निर्माण केली, ‘तरीही’ने ती मोडली. परिच्छेद शोधाबद्दल आहेच, पण त्याहून जास्त तो शोध लागणं आणि तो वापरात येणं यांतल्या अंतराबद्दल आहे. आता ‘तरीही’ खोडून ‘त्यानंतर’ लिहा आणि शेवट ‘१७९५ मध्ये आदेश निघाला’ असा करा. तक्रार नाहीशी झाली, नुसता कालक्रम उरला. तारखा त्याच, घटना त्याच, अर्थ वेगळा. ‘म्हणून’ लिहिलं तर बेचाळीस वर्षांची दिरंगाई वाचकाच्या लक्षातही येणार नाही.

याच परिच्छेदावर दुसरा प्रश्न: उशीर का झाला? लगेच मनात येतं, अधिकारी बेफिकीर असतील. परिच्छेदात असं कुठे आहे? कुठेच नाही. आता एक माहिती जोडू. लिंडने रस आटवून टिकाऊ करण्याची कृती सुचवली होती. स्कर्व्ही होतो तो क जीवनसत्त्वाच्या अभावाने, आणि उष्णतेने ते नष्ट होतं, म्हणजे ज्या रूपात तो उपाय साठवला जायचा त्या रूपात त्याचा जोर गेलेला असायचा. जीवनसत्त्व म्हणजे काय हेच तेव्हा कोणाला माहीत नव्हतं. एवढं वाचल्यावर बेफिकिरीचा निष्कर्ष डळमळतो.

म्हणून वाचनाच्या वहीत मी तीन खणांचा आग्रह धरते. एकात ‘मजकूर सांगतो’, दुसऱ्यात ‘मजकुरावरून निघतं’, तिसऱ्यात ‘मला वाटतं’. दुसऱ्या खणात काही लिहायचं तर शेजारी आधाराचं वाक्य लिहावंच लागतं. आधार सापडला नाही तर ते तिसऱ्या खणात जातं. तिसरा खण कमी दर्जाचा अजिबात नाही, तिथे चांगले विचार असू शकतात. फक्त ते लेखकाच्या नावावर खपवायचे नाहीत.

मराठीत एक गोष्ट फार सहज होते, ती म्हणजे कर्ता गायब करणं. ‘निर्णय घेण्यात आला.’ ‘काही त्रुटी राहून गेल्या.’ ‘असं मानलं जातं.’ अशा प्रत्येक वाक्यापुढे ‘कोणी?’ लिहून बघा. कधी कर्ता खरंच बिनमहत्त्वाचा असतो, पाणी उकळलं गेलं तर कोणी उकळलं याने फरक पडत नाही. पण त्रुटी कोणाच्या हातून राहिल्या याने पडतो. तसंच ‘च’ आणि ‘ही’ या चिमुकल्या अक्षरांचं. ‘त्यांनी मदत केली’, ‘त्यांनीही मदत केली’, ‘त्यांनीच मदत केली’. शेवटच्या वाक्यात इतर कोणी केली नाही असा दावा आलाय, पुरावा मात्र आलेला नाही.

आकडे आले की तर दुप्पट जपायला हवं. ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये औषध सुरक्षा समितीने इशारा दिला की काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्तात गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो. दुप्पट, म्हणजे १०० टक्क्यांनी वाढ. बातम्या पसरल्या, घाबरून अनेक बायकांनी गोळ्या थांबवल्या. प्रत्यक्षात वाढ होती ७,००० मध्ये एका बाईवरून ७,००० मध्ये दोन बायकांवर. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे १३,००० जास्त गर्भपात झाले असा अंदाज नंतर मांडला गेला, आणि गर्भारपणात गुठळीचा धोका त्या गोळ्यांपेक्षाही अधिक असतो. इशाऱ्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. ‘दुप्पट’ वाचल्यावर ‘कशाच्या दुप्पट?’ हा प्रश्न वाचणाऱ्यांपर्यंत पोचला नाही, आणि लिहिणाऱ्यांनीही तो पोचवला नाही. टक्केवारी दिसली की तिच्या मागचा मूळ आकडा शोधायचा, आणि तो लेखात नसेल तर ती नोंद पहिल्या खणात ठळकपणे करायची.

सराव कसा करायचा

सर्वांत मोठा अडथळा असा की न कळल्याचं आपल्याला कळत नाही. एलन मार्कमन यांनी १९७९ मध्ये तिसरी, पाचवी, सहावीतल्या मुलांना काही परिच्छेद दिले. एकात म्हटलं होतं की समुद्राच्या तळाशी उजेड अजिबात नसतो, तिथे मासे रंग पाहू शकत नाहीत. आणि पुढेच म्हटलं होतं की तिथले काही मासे अन्न त्याच्या रंगावरून ओळखतात. वाक्यं सोपी असूनही पुष्कळ मुलांना काही खटकलं नाही. प्रत्येक वाक्य सुटं कळलं, दोन वाक्यं एकमेकांसमोर उभी केलीच नाहीत. मोठ्यांचंही यापेक्षा फार वेगळं होत नाही, विशेषतः भाषा गुळगुळीत असली की. जोडीदार असेल तर त्याला अशा विसंगती पेरलेले परिच्छेद लिहून द्या आणि त्याच्याकडून घ्या. लिहिणाराही यात वाचणाऱ्याइतकाच शिकतो.

मजकूर परत परत वाचणं आणि ओळींखाली रेघा मारणं यावर आपला फार भरवसा असतो. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना माहितीपर उतारे दिले. एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने बंद करून आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी पाहिलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने चित्र उलटलं: लिहून काढणाऱ्यांना सुमारे ५६ टक्के आठवत होतं, पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के. पुन्हा वाचल्यावर मजकूर ओळखीचा वाटतो, आणि ती ओळखच आपल्याला समज वाटते.

तेव्हा एक उतारा निवडा, दोन पानांहून मोठा नको. बोलणारा, ऐकणारे, दिवस, प्रसंग शोधून घ्या. एकदा न थांबता मोठ्याने वाचा. मग मिटून ठेवा आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा. दुसऱ्यांदा वाचताना प्रत्येक परिच्छेदाच्या समासात एकच क्रियापद लिहायचं, आणि ते लेखकाच्या कृतीचं हवं: धीर देतो, शंका काढतो, तुलना करतो, माघार घेतो, घाबरवतो, पुरावा देतो. ‘शिक्षणाबद्दल सांगतो’ असं लिहिलंत तर ते पहिल्या प्रश्नाचं उत्तर झालं, खोडून पुन्हा बघा. क्रियापदं वरून खाली सलग वाचली की मजकुराचा सांगाडा समोर येतो. एखाद्या परिच्छेदाला क्रियापदच सापडत नसेल तर एक तर तो परिच्छेद तुम्हाला कळलेला नाही किंवा तो लेखात उगाच आहे, आणि या दोहोंपैकी काय खरं ते ठरवायला तिसऱ्यांदा वाचावं लागतं.

दोघं-तिघं असाल तर १९८४ मध्ये अ‍ॅनमेरी पॅलिन्सर आणि अ‍ॅन ब्राउन यांनी मांडलेली पद्धत वापरून बघा. एकेका परिच्छेदाला एक जण शिक्षक होतो. तो सार सांगतो, एक प्रश्न विचारतो, जिथे अडलं ते उलगडतो आणि पुढे काय येईल याचा अंदाज करतो. मग पाळी दुसऱ्याकडे. यात प्रश्न विचारण्याची पायरी सर्वांत अवघड जाते. सुरुवातीला सगळे ‘कधी झालं’ आणि ‘कोणी केलं’ असेच प्रश्न काढतात. चार-पाच बैठकांनी कोणीतरी विचारतं, ‘हे वाक्य इथून काढून टाकलं तर काय बिघडेल?’ तो प्रश्न आला की बाकीच्यांना थांबवा आणि उरलेला वेळ त्या एकाच वाक्यावर घालवा, पुढचे परिच्छेद उद्या वाचता येतील.